अगुतायनेन टिकायची तर शाळेत की घरात?

लगोरी:
फिलिपिन्सच्या पालावान प्रांतात, सुलू समुद्रात अगुताया हे चिमुकलं बेट. तिथली भाषा अगुतायनेन, बोलणारे साधारण पंधरा हजार. 2024 च्या कायद्याने देशभर तिसरीपर्यंत मातृभाषेतून शिकवायचं बंधन उठवलं. माध्यम पुन्हा फिलिपिनो (टागालोगवर बेतलेली राष्ट्रभाषा) आणि इंग्रजी. कोवळ्या पोरांना बेरीज-वजाबाकी परक्या भाषेत? शुद्ध आडमुठेपणा आहे हा.

खडूस काका:
बंधन होतं तेव्हा तरी काय दिवे लागले? मातृभाषा-शिक्षणासाठी सरकारने 19 भाषा निवडल्या, त्यांत अगुतायनेन नव्हतीच. शिवाय दुसऱ्या महायुद्धानंतर यांची कितीतरी कुटुंबं बेट सोडून मुख्य पालावानवर गेली: रोहास, सान विसेंते, पुएर्तो प्रिन्सेसा. तिथे एकाच वर्गात कुयोनोन (पालावानातलीच एक भाषा), टागालोग बोलणारी अशी सगळी पोरं. बाईंनी कुणाच्या भाषेत शिकवायचं?

लगोरी:
शहराचं सोडा हो. बेटावर तरी? सगळी पोरं एकाच भाषेची असतील तर नव्या कायद्यातही मुभा आहे. अटी: ठरलेली लेखनपद्धती, शब्दसंग्रह, साहित्य, व्याकरण आणि भाषा येणारे शिक्षक. कोश तर 2014 मध्येच निघालाय, व्याकरणाच्या रूपरेषेसकट.

डेकवरून:
मी बोटीवर असतो. आमचा एक ऑइलर (इंजिनरूममधला कामगार) अगुतायनेन. मेसमध्ये बाकी फिलिपिनोंशी टागालोग. बंदरात रेंज आली की आईला फोन, तेव्हा आवाजच बदलायचा. शेजारी बसलेल्या मनिलावाल्यालाही काही कळायचं नाही. फोन मुलीकडे गेला की गडी परत टागालोगवर.

खडूस काका:
घ्या! पूर्वी पालावानात कुयोनोनचा दरारा. हे लोक बाजारापुरती ती शिकले, घरात आपली ठेवली. शाळेवाचून टिकलीच ना? आज कुयोनोनच टागालोगपुढे मागे हटतेय.

लगोरी:
काका, कुयोनोन बाजारात राहिली. टागालोग टीव्हीतून थेट स्वयंपाकघरात आलीय. घर फुटलंय म्हणून तर शाळा म्हणतेय मी. (आणि 'मराठीचंही असंच होणार' कुणी सुरू करू नका. आपण आठ कोटी आहोत.)
डेकवरून, ती मुलगी आजीशी काय बोलते?

डेकवरून:
विचारलं होतं. आजी अगुतायनेनमध्ये विचारते, ती टागालोगमध्ये उत्तर देते. दोघींचं काही अडत नाही म्हणाला.