तुमची झोप कशामुळे जात होती? अनुभव सांगा

रात्री झोप लागत नाही ही तक्रार हल्ली कॉलेजच्या पोरांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळ्यांकडून ऐकू येते. गरम दूध, जायफळ, तळपायाला तेल हे बऱ्याच जणांचं करून झालेलं असेल. म्हणून थोडं वेगळं विचारते: झोप नेमकी कशामुळे जात होती, ते कसं कळलं, आणि काय केल्यावर फरक पडला? कारण सापडल्याशिवाय उपाय लागू पडत नाही, असं माझं ठाम मत आहे. गोळ्यांची नावं मात्र लिहू नका. एकाची गोळी दुसऱ्याने घेणं धोक्याचं.

डोंबिवलीकरीण
माझी झोप लोकलमध्येच संपत होती! संध्याकाळी सीएसएमटीला बसायला मिळालं की लगेच डोळा लागायचा, तो थेट दिवा स्टेशनला उघडायचा. मग रात्री अंथरुणात टक्क जागी. दिवसभरात साठलेली झोप त्या डुलकीत खर्च होते, हे डॉक्टरांनी समजावलं. आता लेडीज डब्यात मटार सोलते, शेजारणीशी गप्पा मारते, पण डोळा लागू देत नाही. पाचचा चहाही सोडला. कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण ५-६ तास लागतात, म्हणजे अकरा वाजता अर्धा चहा अंगात असतोच.

लालबाग, नाइट ड्यूटी
चाळीतली एकच खोली, आणि मला झोपायचं दिवसा. सकाळचं ऊन डोळ्यांवर पडलं की शरीर दिवस सुरू झाला असं धरून चालतं, म्हणून घरी येताना गॉगल लावते. खिडकीला जाड काळा पडदा, कानात बोळे. मी उठेपर्यंत सासूबाई कुकर लावत नाहीत, त्यांचे फार उपकार आहेत.

मुलुंडची काकू
ह्यांचं घोरणं मध्येच बंद पडायचं, काही क्षण श्वासच नाही, मग गचका देऊन सुरू. सकाळी डोकं जड, दिवसा पेपर वाचता वाचता पेंग, बीपीही वाढलेलं. आम्ही वयावर ढकलत होतो. रात्रभराची झोपेची तपासणी केली तेव्हा स्लीप अ‍ॅप्निया निघाला. आता नाकावर मास्क लावून मशीनवर झोपतात. सवय व्हायला वेळ लागला, पण माणूस दिवसा ताजा दिसतो. घरात कुणी असं घोरत असेल तर कृपया अंगावर काढू नका.

गोरेगाव पूर्व
माझं सुरू झालं नोकरी गेली तेव्हा. नवी नोकरी लागली तरी झोप आली नाही, कारण आता भीती झोपेचीच बसली होती. नऊ वाजले की पोटात गोळा. घड्याळ बघायचं, किती तास उरले ते मोजायचं. आठवड्यातून ३ रात्री, ३ महिन्यांहून जास्त असं चाललं तर तो जुनाट निद्रानाश, असं सायकॉलॉजिस्टनी सांगितलं आणि सीबीटी-आय (झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलायची थेरपी) सुरू केली. निद्रानाशासाठी हीच पहिली उपचारपद्धत मानतात.

करायचं काय, तर डोळे जड झाल्याशिवाय पलंगावर जायचं नाही. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं की उठायचं, स्वयंपाकघरात मंद दिव्यात बसायचं, पेंग आली की परत. पलंगावर फोन नाही, हिशोब नाही. झोप कितीही कमी झाली तरी उठायची वेळ एकच. सुरुवातीचे दिवस फार जड गेले, ऑफिसात डोळे मिटायचे. पण त्या थकव्यानेच हळूहळू रात्रीची झोप सलग होत गेली. भिंतीवरचं घड्याळ मी अजून परत लावलेलं नाही.

दादर
पडलं की पाय वळवळायचे, हलवल्याशिवाय चैन नाही. रक्ततपासणीत फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन, कमी निघालं. डॉक्टरांनी लोह सुरू केलं, पाय शांत झाले.

डोंबिवलीकरीण
गोरेगाव, रविवारी पण त्याच वेळी उठता का हो?

गोरेगाव पूर्व
हो ताई, रविवारीसुद्धा सहालाच. रविवारी दहापर्यंत लोळलं की रात्री झोप पुढे सरकते आणि सोमवार हमखास बिघडतो. उठल्यावर आधी गॅलरीत उजेडात जाऊन उभा राहतो, मग चहा.