मदत हवी आहे: पणजोबांची १९१८ ची वही कशी जपू?

जुनी ट्रंक आवरताना पणजोबांची एक वही सापडलीये, १९१८ सालची. म्हणजे तो इन्फ्लुएन्झाच्या साथीचा काळ, जगातली साधारण एक तृतीयांश माणसं आजारी पडली होती आणि निदान ५ कोटी तरी दगावली असा अंदाज आहे, आणि आपण मात्र शाळेत पहिल्या महायुद्धाची सनावळी घोकली, साथीबद्दल काय वाचलं ते मला तरी आठवत नाही.

वहीत रडगाणं अजिबात नाहीये. एका पानावर फक्त नावं आहेत, वर लिहिलंय ‘दाराशी पाणी ठेवून गेले’, खाली अकरा नावं, त्यातलं एक खोडून परत लिहिलंय. खरं सांगू, ते पान बघून मी बराच वेळ गप्पच बसलो. गेल्या वर्षी मी आजारी होतो तेव्हा कोण कोण आलं होतं ते मला आज धड सांगता येणार नाही!

तर प्रॉब्लेम असा की शाई तपकिरी होऊन फिकी पडलीये आणि कडा हात लावला की तुटतात. लॅमिनेशन आणि सेलोटेप नको एवढं माहितीये, कारण ते नंतर धड निघत नाही. पण फोटो कसे काढू म्हणजे फिकी अक्षरं दिसतील? बाजूने तिरका लाईट टाकून कोणी करून बघितलंय का? आणि आजीला त्या नावांबद्दल विचारलं की ती विषयच बदलते, तिला न दुखवता बोलतं कसं करायचं, कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.