फुप्फुसाच्या फायब्रोसिसवर चिनी काढा: बाबांना द्यावा का?

शांघायकर: बाबा साताऱ्यात असतात. आयपीएफ आहे, म्हणजे फुप्फुसात व्रण वाढत जाण्याचा आजार. त्यावरचं पिरफेनिडोन आणि शिवाय ॲस्पिरिन चालू. हल्ली चार पायऱ्या चढले की कठडा धरून उभे राहतात. इथले सहकारी म्हणतात, हुआंगची आणि दानशेन या चिनी मुळ्यांचा काढा घेऊन जा. कुणाला अनुभव?

रानवाट: दानशेन नकोच रे, ॲस्पिरिनबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि झालेले व्रण पुसणारं औषध कुणाकडेच नाही. पिरफेनिडोनसुद्धा फक्त आजार वाढण्याचा वेग कमी करतं.

माई_चिपळूण: माझ्या ह्यांनाही हाच आजार. कुणी कीडाजडी (हिमालयातली बुरशी) आणून देतं, कुणी कसली पावडर. ‘झाडपालाच आहे, अपाय काय होणार?’ म्हटलं की डोकं फिरतं माझं! जपानात शो-साइको-तो हा मूळचा चिनी काढा यकृतासाठी सर्रास देत. त्यानंच फुप्फुसाला सूज येऊन रोगी दगावले, १९९६ मध्ये सरकारला इशारा काढावा लागला.

रानवाट: चीनमध्ये सिलिकोसिसवर, म्हणजे दगडाच्या धुळीनं होणाऱ्या फुप्फुसाच्या आजारावर, टेट्रांड्रिन देतात, तेही वनस्पतीतलंच. पण ती मोजून दिलेली गोळी, आणि आजारही वेगळा.

शांघायकर: काढा रद्द. बाबांना ऑक्सिजन लावायचं काय?

माई_चिपळूण: आधी सहा मिनिटं चालायची चाचणी करून घे. बसल्या जागी ह्यांचा रक्तातला ऑक्सिजन ९५ टक्के दिसायचा, चालल्यावर ८४!