२०१७ ची ऑडी ए३ पेट्रोल, ४६ हजार रनिंग, घ्यावी का?

वारजेकर_८६
नमस्कार मंडळी, बरेच महिने इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय. सध्याची स्विफ्ट सव्वा लाख किमी झालीय, विकायला काढलीय. बजेट १४ पर्यंत, त्यातले ६ लोन. घरचे म्हणतायत नवी एसयूव्ही घे आणि मोकळा हो, पण मला सेदानच आवडते हो, एक्सप्रेस वेवर कशी रस्त्याला धरून चालते. ओळखीतून २०१७ ची ए३ आलीय, १.४ पेट्रोल फेसलिफ्ट, सेकंड ओनर, एमएच ०९ म्हणजे कोल्हापूर पासिंग, साडेतेरा सांगतायत. चांदणी चौकापर्यंत चालवून बघितली, लोण्यासारखी चालली. वापर म्हणजे रोज वारजे ते हिंजवडी, जाऊन-येऊन अडीच तास ट्रॅफिकमध्ये, आणि महिन्यातून दोनदा कराड. बायको, पाच वर्षांची मुलगी आणि आई. गिअरबॉक्सबद्दल खूप उलटसुलट वाचलंय त्यामुळे झोप उडालीय. खरं काय ते सांगा.

स्पॅनर_दादा
माझं छोटं गॅरेज आहे, याच फोक्सवॅगन ग्रुपच्या (ऑडी, स्कोडा वगैरे) गाड्या जास्त येतात म्हणून सविस्तर लिहितो. हिच्यात सात स्पीडचा ड्राय क्लचवाला बॉक्स आहे, डीक्यू२०० म्हणतात तो, हाच पोलो जीटी टीएसआयला होता आणि ऑक्टाव्हिया १.८ ला पण. ड्राय म्हणजे क्लच तेलात बुडालेला नाही, त्यामुळे गाडी मुंगीच्या पावलाने सरकत राहिली की क्लच अर्धवट धरलेला राहतो आणि ती उष्णता लवकर जात नाही. हायवेला हा बॉक्स सुंदर चालतो, मायलेज पण देतो, त्रास सगळा सरकत्या ट्रॅफिकचा. आणि तुमचा रूट नेमका तोच आहे. क्लच पॅक किंवा मेकाट्रॉनिक (गिअर बदलणारं कंट्रोल युनिट) गेलं तर बिल लाखाच्या पुढे जाऊ शकतं, हे आधीच धरून चला.

चांदणी चौकापर्यंतच्या चक्करने काही कळत नाही. मालकाला सांगा सकाळी मी यायच्या आधी गाडी चालू करायची नाही. बोनेटवर हात ठेवून इंजिन गार आहे ना बघा मग स्टार्ट मारा. नंतर निदान ४०-५० मिनिटं गर्दीत चालवा, बॉक्स गरम झाला की चढावर ब्रेक सोडून हळूहळू सरकू द्या, दुसऱ्यातून पहिल्यात येताना किंवा डी-आर करताना थरथर किंवा टक्क आवाज आला तर समजून जा. स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावल्याशिवाय टोकन देऊ नका. कोणी आदल्या दिवशी फॉल्ट कोड पुसले असतील तर तेही अनुभवी माणसाला बऱ्याचदा कळतं. मीटरचे ४६ हजार बिलांशी जुळतात का तेही बघा. १.४ ला टायमिंग बेल्ट (इंजिनच्या व्हॉल्व्हची वेळ जुळवणारा पट्टा) आहे, चेन नाही, वयाने आता तपासायला हवा.

चांगली बाजू पण सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी घाबरवतोय. ए३ आणि ऑक्टाव्हिया एकाच प्लॅटफॉर्मवरच्या, दोन्ही आपल्या संभाजीनगरला शेंद्र्यातच असेंबल व्हायच्या, त्यामुळे बरेच पार्ट सारखे आहेत आणि बाहेर परवडणाऱ्या भावात मिळतात.

पंचगंगा_काठ
एमएच ०९ वाचलं म्हणून लॉगिन केलं. २०१७ ची गाडी म्हणजे ऑगस्ट २०१९ चा महापूर तिने बघितला असणार, प्रश्न एवढाच की कुठून बघितला. आमच्या शाहूपुरीत पार्किंगमधल्या गाड्या छतापर्यंत पाण्यात होत्या, त्यातल्या कितीतरी नंतर धुऊन-पुसून बाहेरच्या जिल्ह्यांत गेल्या, मी डोळ्यांनी बघितलंय. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या भागावर गाळाची रेघ राहते. डिकीतला कार्पेट उचलून स्टेपनीचा खड्डा बघा, सीटखालच्या रेल्सवर गंज आहे का बघा, काचा बंद करून एसी लावा आणि वास घ्या. जुलै २०१९ ते पुढचे सहा महिने यातली सर्व्हिस बिलं मागाच. विमा कंपनीकडून क्लेम हिस्टरी पण काढायला लावा. मूळ मालक कोल्हापुरात कुठल्या भागात राहायचा हे विचारायला लाजू नका, तुमची लेक त्या गाडीत बसणार आहे.

मृदगंध_७
मी स्वतः सेकंडहँड जर्मन सेदान चार वर्षं वापरतेय, ब्रँड सांगत नाही. गाडी साडेतेराला मिळाली तरी सस्पेन्शन, ब्रेक, हेडलाइट हे सगळं ३० लाखांच्या गाडीचंच बसतं, सेकंडहँड म्हणून स्वस्त होत नाही. मी पहिल्याच वर्षी टायर, बॅटरी आणि पुढचे बुश (सस्पेन्शनचे रबर) केले, सव्वा लाख गेले. म्हणून १४ बजेट असेल तर १२ ची गाडी बघा आणि दोन बाजूला ठेवा, लोन काढून सगळे गाडीत घालू नका प्लीज.

कागदांचं पण बघा. एमपरिवाहनवर आरसी तपासा, बँकेचा बोजा असेल तर एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५, ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०, ई-चलन सगळी भरून घ्या. महाराष्ट्रातलीच गाडी आहे म्हणजे नंबर तोच राहील. आणि इन्शुरन्स १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करा, माझ्या मावसभावाने हे आज करू उद्या करू केलं, तेवढ्यात गाडी ठोकली आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारला गेला, मोठा फटका बसला त्याला. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचाच राहतो, तो हिशोबात धरू नका.

अजून एक, आईंना घेऊन जा बघायला. गाडी खाली आहे आणि मागे मध्ये बोगदा (पायाखालचा उंचवटा) आहे, गुडघे दुखत असतील तर उतरताना त्रास होतो.

वारजेकर_८६
सगळ्यांचे मनापासून आभार, शनिवारी आईला घेऊन जाऊन आलो. पुराचं काही सापडलं नाही, सीटबेल्ट स्वच्छ, सप्टेंबर २०१९ चं बिल पण आहे आणि त्यावरचं रनिंग जुळतं. पण दादा तुम्ही म्हणालात तसं गार असताना काहीच नाही, वारज्याच्या पुलाखाली अर्धा तास अडकलो आणि मग पहिल्यात सरकताना स्टिअरिंगपर्यंत थरथर यायला लागली. स्कॅन करणारा म्हणाला क्लच झिजत आलाय. मी सव्वा लाख कमी करा म्हटलं, ते वीस हजारांवर अडले. आईला उतरताना दोन्ही वेळा मी हात दिला, ती काही बोलली नाही पण मला कळलं. सोडली गाडी. दोन दिवस वाईट वाटलं खरं सांगतो.

स्पॅनर_दादा
बरोबर केलंत. हिंजवडीला रोज जायचं असेल आणि ऑटोमॅटिकच हवी असेल तर टॉर्क कन्व्हर्टरवाली (क्लचऐवजी तेलातून ताकद देणारा बॉक्स) बघा, सरकत्या ट्रॅफिकमध्ये तो बॉक्स कितीतरी जास्त सोसतो. बीएमडब्ल्यू ३२०डी ला झेडएफ कंपनीचा तसाच आठ स्पीड बॉक्स आहे तो दणकट आहे, पण २०१६ च्या आधीची डिझेल घेऊ नका, त्या इंजिनची टायमिंग चेन त्रास देते आणि ती मागच्या बाजूला असल्याने करायची म्हणजे मोठं काम निघतं. रनफ्लॅट (पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणाऱ्या) टायरचा खर्च वेगळा. उंचीचा प्रश्न मात्र तिथेही तसाच राहणार.

वारजेकर_८६
मग आईला आधी बसवून बघतो, नंतरच टेस्ट ड्राइव्ह. पुढच्या रविवारी बाणेरला एक २०१७ ची ३२०डी आहे, तुम्ही स्कॅनर घेऊन याल का? तुमची जी फी असेल ती देतो, मेसेज केलाय.