कारचा अ‍ॅम्प्लिफायर जोडताक्षणी फ्यूज उडतो : घरी दुरुस्ती आणि चाचणी कशी करावी?

धागाकर्ता

नमस्कार. माझ्या गाडीच्या डिकीत बारा वर्षांपासून असलेला चार चॅनलचा, एबी क्लासचा अ‍ॅम्प्लिफायर गेल्या महिन्यात चालत्या गाडीत अचानक बंद पडला. त्याच्यावरचे २५ अ‍ॅम्पिअरचे दोन्ही फ्यूज उडाले होते. नवे घातले, तेही बॅटरीची तार टेकवताच चट्‌कन ठिणगी पडून गेले. जवळच्या दुरुस्तीवाल्याने झाकण न उघडताच "बोर्ड गेला, नवीन घ्या" असा निकाल दिला, तो मला पटलेला नाही. माझ्याकडे साधा डिजिटल मल्टिमीटर, ६० वॅटचा सोल्डरिंग आयर्न आणि डिसोल्डर पंप आहे, ऑसिलोस्कोप नाही. एवढ्या साधनांवर दुरुस्ती शक्य आहे का, आणि झाल्यावर चांगले स्पीकर पणाला न लावता तिची खात्री कशी करावी, याबद्दल जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद : जुना दुरुस्तीकार

पहिला प्रश्न असा, की रिमोटची तार (स्टिरिओकडून अ‍ॅम्प्लिफायर सुरू करण्याचा इशारा आणणारी) जोडलेली नसतानाही फ्यूज जातो का? यावर अर्धे निदान अवलंबून आहे. बॅटरीच्या १२ व्होल्टपासून आतल्या वलयाकार ट्रान्सफॉर्मरच्या साहाय्याने अधिक-उणे २५ ते ३५ व्होल्ट तयार होतात. ट्रान्सफॉर्मरला आळीपाळीने झटके देणारे मॉस्फेट (वेगाने चालू-बंद होणारे ट्रान्झिस्टर) बॅटरीच्या बाजूला असतात आणि त्यांना बहुधा टीएल ४९४ ही आयसी चालवते. मॉस्फेट शॉर्ट झाला तर ट्रान्सफॉर्मरच्या जाड वेटोळ्यातून प्रवाह थेट ग्राउंडकडे जातो आणि रिमोटची तार न लावताही फ्यूज उडतो. उलट, रिमोट दिल्यावरच फ्यूज जात असेल, तर दोष बहुधा पलीकडच्या बाजूला, म्हणजे रेक्टिफायर डायोडमध्ये (ट्रान्सफॉर्मरच्या एसीचे डीसी करणाऱ्या) किंवा स्पीकरला प्रवाह पुरवणाऱ्या आउटपुट ट्रान्झिस्टरमध्ये असतो. कोणी कधी बॅटरी उलटी जोडली असेल, तर संरक्षणासाठी टाकलेला मोठा डायोड शॉर्ट होऊनही हेच लक्षण दिसते, म्हणून तोही तपासावा.

आता फ्यूज जाळणे थांबवा. अ‍ॅम्प्लिफायर टेबलावर घ्या, स्पीकरच्या आणि आरसीए (स्टिरिओकडून आवाजाचा सिग्नल आणणाऱ्या) तारा काढून ठेवा आणि बॅटरीच्या अधिक टोकाशी १० अ‍ॅम्पिअरचा फ्यूज व त्यापुढे हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब एकसर जोडा. आत शॉर्ट असला तर बल्ब पूर्ण प्रकाशतो, पण प्रवाह साधारण साडेचार अ‍ॅम्पिअरच्या पुढे जात नाही, त्यामुळे उरलेले भाग वाचतात. अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवायला विसरू नका. बॅटरीच्या दोन टोकांत अडकलेली अंगठी बोटासकट भाजते.

प्रतिसाद : डिकीभर आवाज

माझे मत थोडे वेगळे आहे. आत एकाच मोठ्या आयसीवर चालणारा स्वस्त अ‍ॅम्प्लिफायर असेल तर फार वेळ घालवू नये. सुटे आउटपुट ट्रान्झिस्टर असलेला जुना, वजनदार नग असेल तर मात्र जरूर दुरुस्त करावा.

धागाकर्ता

सुटे ट्रान्झिस्टरच आहेत. रिमोटची तार न जोडताही बल्ब लख्ख पेटला. तीन-तीनच्या दोन गटांत सहा मॉस्फेट आहेत, सगळे आयआरएफझेड ४४ एन. एका गटातल्या तिन्हींचे ड्रेन आणि सोर्स (ज्यांच्यामधून प्रवाह वाहतो ती दोन टोके) यांच्यात मीटर जवळजवळ शून्य दाखवतो, म्हणजे तिन्ही गेले असे समजावे का?

प्रतिसाद : जुना दुरुस्तीकार

नाही. ते समांतर जोडलेले असल्यामुळे एक शॉर्ट असला तरी तिन्ही तसेच दिसतात. एकेक काढून मीटरच्या डायोड मोडवर मोजा : चांगला मॉस्फेट ड्रेन आणि सोर्स यांच्यात एका दिशेने सुमारे अर्धा व्होल्ट दाखवतो, दुसऱ्या दिशेने काहीच नाही. मोजण्याआधी त्याची तिन्ही टोके क्षणभर एकत्र जोडावीत, कारण गेटवर (मॉस्फेट चालू-बंद करणाऱ्या तिसऱ्या टोकावर) उरलेल्या भारामुळे चांगला नगही शॉर्ट भासतो. एक गेला असला तरी सहाही बदलावेत, आणि गेटकडे जाणारे छोटे रेझिस्टर अवश्य मोजावेत, कारण मॉस्फेट जाताना बहुधा त्यांनाही घेऊन जातो.

नवे मॉस्फेट लावण्याची घाई मात्र करू नका. रिकाम्या बोर्डाला बल्बमार्फत वीज व रिमोट देऊन टीएल ४९४ च्या १२ क्रमांकाच्या पायावर बॅटरीच्या जवळपास आणि १४ क्रमांकावर ५ व्होल्ट येतात का ते पाहा. मग दोन्ही गटांच्या गेटच्या जागी डीसी व्होल्टेज मोजा. दोन्हीकडे जवळपास सारखा आणि बॅटरीपेक्षा बराच कमी आकडा आला, तर झटके आळीपाळीने येत आहेत असे मानायला हरकत नाही. एका बाजूला सतत १२ व्होल्ट असतील, तर नवे मॉस्फेट क्षणात जळतील. ऑसिलोस्कोप नसताना माझी भिस्त याच युक्तीवर असते.

प्रतिसाद : सुट्या भागांचा शोधक

मॉस्फेट खरेदी करताना सावध राहावे, कारण या क्रमांकाचे बनावट नग बाजारात फार आहेत. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली इथे भाग सहज मिळतात, पण दुकान ओळखीचे असावे आणि सगळे नग एकाच बॅचचे घ्यावेत. मीटरमध्ये कपॅसिटन्स मोजण्याची सोय असेल, तर गेट आणि सोर्स यांच्यात प्रत्येकाचा आकडा घ्या. एखादा इतरांपेक्षा फारच वेगळा निघाला तर परत करा. बसवताना वीज अडवणारी अभ्रकाची चकती विसरू नये : मॉस्फेटची धातूची पाठ ड्रेनला जोडलेली असते आणि हीटसिंक बहुधा ग्राउंडला.

धागाकर्ता

दोन मॉस्फेट शॉर्ट होते आणि एक गेट रेझिस्टर काळा पडून तुटला होता. सहाही बदलले. आता रिमोटशिवाय बल्ब विझलेला राहतो, पण रिमोट देताच पुन्हा पूर्ण पेटतो.

प्रतिसाद : जुना दुरुस्तीकार

म्हणजे मॉस्फेट गेले ते परिणाम म्हणून, मूळ दोष पुढे आहे. रेक्टिफायर डायोड काढून पुन्हा रिमोट द्या. बल्ब मंद झाला, तर आधी ते डायोड मोजा आणि ते चांगले निघाले तर आउटपुट ट्रान्झिस्टरचे कलेक्टर आणि एमिटर (त्याची प्रवाहाची दोन टोके) आपसांत शॉर्ट आहेत का ते तपासा. शेजारचे पांढरे सिमेंट रेझिस्टरही मोजा, पण ते ०.२२ ओहमच्या आसपासचे असतात, त्यामुळे मीटरच्या तारांचा स्वतःचा रोध आकड्यातून वजा करायला हवा. आणि गाडीतल्या स्पीकरच्या आठही तारा अ‍ॅम्प्लिफायरपासून सुट्या असताना गाडीच्या बॉडीशी मोजून पाहा. ट्रान्झिस्टर उगाच जात नाही.

धागाकर्ता

रेक्टिफायर काढताच बल्ब मंद झाला. डायोड चांगले होते; मागच्या उजव्या चॅनलचा एक ट्रान्झिस्टर शॉर्ट निघाला. त्याची जोडी आणि तुटलेला सिमेंट रेझिस्टर बदलून रेक्टिफायर परत बसवले. आता रिमोट दिल्यावर बल्ब क्षणभर चमकतो आणि मंदावतो. चारही चॅनलवर स्पीकरऐवजी फक्त मीटर लावला, तर सर्वात जास्त डीसी १८ मिलिव्होल्ट आले.

प्रतिसाद : जुना दुरुस्तीकार

५० मिलिव्होल्टच्या आत असल्यास समाधान मानावे. आता बल्ब काढा, १५ अ‍ॅम्पिअरचा फ्यूज ठेवा आणि स्पीकरऐवजी ४ ओहम, १०० वॅटचा अ‍ॅल्युमिनियमच्या आवरणातला रेझिस्टर हीटसिंकवर बसवून जोडा. मोबाइलवरून १०० हर्ट्झचा सूर द्या; १ किलोहर्ट्झ नको, कारण स्वस्त मल्टिमीटर त्या वारंवारतेला एसी व्होल्टेज चुकीचे दाखवू शकतात. व्होल्टेजचा वर्ग भागिले ४, म्हणजे वॅट.

धागाकर्ता

मागच्या उजव्या चॅनलवर १३.४ व्होल्ट मिळाले, म्हणजे सुमारे ४५ वॅट. अर्धा तास चालवला; हीटसिंकवर हात ठेवता येत होता, रेझिस्टरवर मात्र नाही. बॉडीशी तारा मोजल्या तेव्हा मागच्या उजव्या स्पीकरची एक तार ०.३ ओहम दाखवत होती. ड्रायव्हरचे आसन पुढे ओढले, तर सरकपट्टीखाली ती तार चिरडलेली सापडली. आवरण सोलून तांबे उघडे पडले होते. तिथून नवी तार दाराच्या उंबऱ्याजवळून, खाचांच्या प्लास्टिक नळीत घालून नेली आहे. काल अ‍ॅम्प्लिफायर डिकीत परत बसवला आणि आसन मागेपुढे सरकवून तारा पुन्हा बॉडीशी मोजल्या. एकही लागत नाही.