रोज सायकल: दहाव्या दिवशी गाडं अडतं, पुढे कसं रेटायचं?

मंदगती
वय ४३, उंची ५ फूट ४ इंच, वजन ७८ किलो. बीपीची गोळी चालू आहे, डॉक्टरांनी सायकलला हरकत नाही असं सांगितलंय. सायकल हायब्रिड: पुढे ३ मागे ७ गिअर, ७०० × ३८ टायर, साधे व्ही-ब्रेक. तीन वर्षं पार्किंगमध्ये धूळ खात होती. राहायला कोथरूड.

यंदा तिसऱ्यांदा सुरुवात केली आहे. दर वेळी तेच होतं. चांदणी चौकाचा चढ धरून रोज १५ किलोमीटर, आठ-दहा दिवस जोरात, मग एक सकाळ चुकते आणि त्यानंतर सायकलकडे बघवत नाही. "मनाचा निश्चय करा" छापाचे सल्ले नकोत, ते घरी मुबलक मिळतात. नेमकं काय बदलायचं ते सांगा.

एकवीस_गिअर
आधी सायकल, मग मन. तीन वर्षं उभ्या सायकलवर रोज दम लागत असेल, तर त्यातला निम्मा दोष सायकलचा असू शकतो.

टायरच्या कडांवर बारीक चिरा आहेत का बघा. असतील तर हवा भरत बसू नका, टायर बदला. नसतील तर हवा भरून एक रात्र ठेवा, सकाळी मऊ लागला तर ट्यूब गेली. ३८ च्या टायरला तुमच्या वजनाला पुढे ४५ आणि मागे ५० ते ५५ पीएसआय पुरे. टायरच्या कडेला जो कमाल आकडा छापलेला असतो तो मर्यादा म्हणून असतो, तितकी भरायचीच असं नाही. ट्यूबमधून हवा आपोआप झिरपते, म्हणून गेज असलेला उभा पंप घरात हवा आणि दर रविवारी तपासणी हवी. अंगठ्याने दाबून काही कळत नाही. ३० पीएसआयवर टायर हाताला टणकच लागतो, पण पाय जड पडतात आणि खड्ड्यात रिमखाली ट्यूब चिमटून शेजारी शेजारी दोन भोकं पडतात.

मग चेन. चिंधी रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये भिजवून चेन तिच्यातून उलटी फिरवायची, काळं निघणं थांबेपर्यंत. पूर्ण वाळू द्या. आता चेनच्या आतल्या बाजूने प्रत्येक रोलरवर एकच थेंब चेन-ल्यूब, दहा मिनिटं थांबा आणि बाहेरचं सगळं पुसून काढा. हे पुसणं लोक टाळतात, मग त्या तेलावर धूळ बसून सँडपेपर तयार होतो. डब्ल्यूडी-४० चा नेहमीचा निळा-पिवळा डबा गंज सोडवायला ठीक, वंगण म्हणून नाही. दीड-दोनशे किलोमीटरला एकदा हे करायचं.

झीज मोजायला साधी पट्टी चालते. एका पिनच्या मध्यापासून मोजा, २४ कड्या म्हणजे बरोबर १२ इंच. १२ आणि वर एक सोळांश इंच भरलं तर चेन बदला. एक अष्टमांश जास्त भरलं तर मागचे दातेही गेलेत, नुसती नवी चेन टाकलीत तर ती जोर लावल्यावर दातांवरून उड्या मारेल.

ब्रेकचे रबर तीन वर्षांत कडक होतात. वरचा चकचकीत थर सँडपेपरने घासून बघा. तरी ओरडले तर नवे घाला, फार खर्चिक नाहीत. शेवटी चाक उचलून फिरवा, कुठे ब्रेकला घासतंय का. एका बाजूला घासणारा ब्रेक म्हणजे दिवसभर चढ.

पहाटफेरी
वरच्या प्रतिसादाला +१. आता मूळ प्रश्नाकडे.

ताई, तुमचा घोटाळा दहाव्या दिवशी होत नाही, पहिल्याच दिवशी होतो. तीन वर्षांनी परतलेल्या शरीराला पहिल्या आठवड्यात चांदणी चौक म्हणजे रोज परीक्षा. दम महिन्याभरात सुधारतो. गुडघ्याच्या वाट्या, कंडरा, बैठकीची हाडं यांना त्याहून जास्त वेळ लागतो. आठव्या-दहाव्या दिवशी थकवा साचलेला असतो आणि आपण त्याला आळस म्हणतो.

पहिले दोन आठवडे २० मिनिटं. किलोमीटर बघायचेच नाहीत. आठवड्यात पाच दिवस, दोन दिवस सुट्टी, आणि ती सुट्टी आधीच ठरलेली, म्हणजे बुधवार चुकला तर तो "चुकला" नसतोच. तिसऱ्या आठवड्यापासून २५, मग ३०. चौथ्या आठवड्यात मुद्दाम एक तृतीयांश कमी करायचं. सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत १५० मिनिटांवर आलात की जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला मध्यम व्यायामाची जी किमान वेळ सांगते ती झाली. चढ तोवर बंद. वारजे माळवाडी, शिवणे, उत्तमनगर, कोंढवे धावडे हा एनडीए रस्ता घ्या. थोडे चढउतार आहेत, पण छाताडावर बसणारं काही नाही. वाहतूक मात्र सात-साडेसातनंतर वाढते. चांदणी चौक कुठे पळून जात नाही.

जोर किती लावायचा? बोलून बघा. आठ-दहा शब्दांचं वाक्य एका दमात म्हणता आलं पाहिजे. तीन शब्दांवर श्वास तुटला की गिअर हलका. बीपीची गोळी कोणती आहे ते एकदा डॉक्टरांना विचाराच. बीटा-ब्लॉकर गटातली असेल तर नाडी दाबलेली राहते, आणि '२२० वजा वय म्हणजे कमाल नाडी' या हिशेबाचे घड्याळातले आकडे तुम्हाला लागू पडत नाहीत. तेव्हा बोलण्याची चाचणीच खरी. छातीत दाब, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, भोवळ, यातलं काहीही झालं तर उतरा, सावलीत बसा, मदत बोलवा. "घरी जाऊन बघू" नाही.

आणि पायडल किती वेळा फिरतो ते मोजा. उजवा गुडघा १५ सेकंदांत १८ ते २० वेळा वर आला पाहिजे, म्हणजे मिनिटाला ७२ ते ८०. बहुतेक नवे लोक ५०-५५ वर जड गिअर रेटत असतात, कारण जड गिअरमध्ये व्यायाम "झाल्यासारखा" वाटतो. वाटतो खरा, पण गुडघ्यांना. पुढे मधली चकती, मागे तिसरा-चौथा गिअर, तिथून सुरुवात.

झाकणझुला
पाच दिवसांच्या योजनेशी सहमत नाही. ज्याची अडचण खंड पडण्याची आहे त्याला सुट्टी दिली की तो सुट्टीच वाढवतो. रोज बसा, पण दोन दिवस फक्त दहा मिनिटं, गल्लीच्या टोकापर्यंत, दूध आणायला, काहीही. पायांना विश्रांती मिळते आणि पहाटेची वेळ मोडत नाही.

बाकी व्यायाम चुकतो तो रस्त्यावर नाही, गादी ते पार्किंग या टप्प्यात. तिथले अडथळे मोजा. लिफ्टने तळघर, कुलपाची किल्ली कुठे, हवा कमी, बाटली धुतलेली नाही, ओढणी की टी-शर्ट, हेल्मेट माळ्यावर. अशा सहा गोष्टी पहाटे साडेपाचला कोणालाही हरवतील. सायकल दाराच्या आत आणा (घरच्यांशी वाटाघाटी ही त्यातली सर्वात अवघड पायरी). किल्ली, दिवे, भरलेली बाटली, कपडे रात्रीच एका खुर्चीवर. उठल्यापासून पायडलवर पाय पडेपर्यंत १२ मिनिटांच्या वर लागत असतील तर अजून काहीतरी काढून टाकण्यासारखं आहे.

पहाटफेरी
दहा मिनिटांची फेरी मान्य, फक्त ती दहाच राहिली पाहिजे. "आलोच आहोत तर" म्हणून पंचवीस झाली की विश्रांती गेली.

एक सकाळ चुकण्याबद्दल: लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लाली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर सवयीचा अभ्यास केला होता, २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण माणसागणिक १८ पासून २५४ पर्यंत फरक. आणि एखादी संधी हुकल्याने सवय जडण्यावर फारसा परिणाम दिसला नाही. २१ दिवसांचा जो मंत्र सगळीकडे फिरतो तो विसरा. त्यामुळेच लोक बाविसाव्या दिवशी निराश होतात. नियम एवढाच ठेवा: सलग दोन दिवस सोडायचे नाहीत.

भिंतीवरच्या कालनिर्णयवर बसलेल्या दिवसाला खूण करा. ॲप वापरायचं तर वापरा, पण सुरुवातीला सरासरी वेग लपवून ठेवा. पुण्यात मे-जूनमध्ये पश्चिमेचा वारा सुटला की तोच रस्ता, तीच माणसं, वेग मात्र निम्म्यावर. तो आकडा बघून उगाच मन खट्टू होतं. सकाळी वारा कमी असतो, हेही लवकर निघायचं एक कारण.

मंदगती
सगळ्यांचे आभार. हवा मोजली: मागे २८ पीएसआय! आता तीन शंका. एक, गुडघा समोरून, वाटीच्या खाली दुखतो. दोन, बैठक इतकी दुखते की दुसऱ्या दिवशी बसायची भीती वाटते. जेलचं रुंद सीट कव्हर आणू का? तीन, मागच्या दोन्ही वेळी वजन एक ग्रॅम हललं नाही.

एकवीस_गिअर
कव्हर आणू नका. जाड जेलमध्ये बैठकीची हाडं रुततात आणि दाब मधल्या नाजूक भागावर येतो, शिवाय कडा मांड्यांना घासतात. पॅड असलेली सायकलिंग शॉर्ट घ्या, बायकांच्या मापाची. पॅडची ठेवण वेगळी असते. आत अंतर्वस्त्र घालायचं नाही, त्याच्या शिवणीनेच साल निघतं. जिथे घासतं तिथे आधी पेट्रोलियम जेली. शॉर्ट प्रत्येक फेरीनंतर धुवायची, वाळत टाकून पुन्हा घालायची नाही. सीट जमिनीला समांतर ठेवा, नाक वर असेल तर पुढे दुखतं, खाली असेल तर सगळं वजन तळहातांवर येऊन करंगळ्या बधिर होतात. हाडांचं दुखणं दहा-पंधरा दिवसांत उतरतं. मधल्या भागात बधिरपणा येत असेल तर ती सवयीची बाब नाही, तेव्हा सीट बदलायची.

गुडघा समोरून दुखतो म्हणजे बहुधा सीट खाली आहे किंवा गिअर जड. मागून दुखला असता तर उलट, सीट फार वर. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभ्या राहा, पायांमध्ये जाड पुस्तक सीटसारखं वर दाबून धरा, जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. त्याला ०.८८३ ने गुणा. येईल ते अंतर क्रँकच्या धुरीच्या (दोन्ही पायडलचे दांडे जिच्यावर फिरतात ती) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत. उदाहरणार्थ ७५ सेंमी आलं तर ६६.

पहाटफेरी
वजनाचं गणित कोरडं आहे. ७८ किलोला अर्ध्या तासाच्या मध्यम सायकलिंगला अडीचशे कॅलरींच्या आसपास लागतात. एक वडापाव तेवढा भरतो. रविवारची फेरी मिसळीवर संपवायची पद्धत आहेच आपल्याकडे. ती बंद करा म्हणत नाही, पण मग त्या फेरीने वजन उतरेल अशी आशा नको. २०-४० मिनिटांसाठी आधी काही खायची गरज नाही, पाणी पुरे. सव्वा तासाच्या पुढे गेलात तर एक केळं सोबत. उन्हाळ्यात बाटलीत लिंबू आणि साखर घालता येईल, मीठ मात्र बीपीमुळे डॉक्टरांना विचारून.

पहिला महिना काटा बाजूला ठेवा. त्याऐवजी दोन मोजमापं: रविवारी सकाळी बेंबीच्या रेषेत कंबर, आणि चार आठवड्यांतून एकदा ठरलेल्या पाच किलोमीटरच्या रस्त्यावर, बोलता येईल एवढ्याच जोरात, किती मिनिटं लागली. एकाच वेळी, एकाच हवेच्या दाबावर.

झाकणझुला
पावसाळ्याचं आत्ताच ठरवून ठेवा, नाहीतर जुलैत चौथ्यांदा सुरुवात कराल. दोन्ही मडगार्ड, मागे लाल दिवा दिवसाही चालू. भिजून आल्यावर चेन पुसून ओलाव्यात टिकणारं ल्यूब त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी गंज दिसतो. ओल्या रिमवर व्ही-ब्रेक उशिरा धरतात, आधीपासून हलके दाबत चला. पांढरे पट्टे, ड्रेनेजची झाकणं, खडी यांच्यावर वळायचं नाही, सरळ जायचं. धो-धो असेल तर जिन्यावर दहा मिनिटं, त्याच वेळी. खूण त्याचीही करायची.

कुत्री मागे लागली तर सायकल पळवू नका, वेग कमी करा, वेळ पडली तर उतरून सायकल मध्ये धरा. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, तेव्हा निघायची वेळ अर्धा तास पुढे न्या. अंधारात खड्डे दिसत नाहीत.

मंदगती
मोजलं. पायांचं माप ७५, सीट सध्या ६२ वर! पण वर केली की पाय जमिनीला टेकत नाहीत आणि धडधडतं.

एकवीस_गिअर
हेच ते. सीटवर बसल्या बसल्या दोन्ही पाय टेकले पाहिजेत म्हणून ती खाली ठेवली जाते, आणि गुडघा त्याची किंमत मोजतो. थांबताना सीटवर बसून राहायचंच नसतं. ब्रेक दाबत उजवा पायडल खाली आणा, त्यावर उभ्या राहून सीटच्या पुढे सरका आणि डावा पाय जमिनीवर. निघताना उजवा पायडल दोनच्या काट्यावर, त्यावर जोर देऊन मगच वर बसा. सोसायटीच्या आवारात वीस वेळा करा, जमतं.

४ सेंमी एकदम वर करू नका. आज दीड सेंमी, मग दर तीन-चार फेऱ्यांनी अर्धा. जुन्या जागी चिकटपट्टीची खूण ठेवा. मागून कोणाला तरी बघायला सांगा. कंबर डावी-उजवी डोलायला लागली की अर्धा सेंमी खाली, मग सूत्र काहीही म्हणो. आणि सीटच्या दांड्यावर जी 'मिनिमम' ची रेघ असते ती फ्रेमच्या बाहेर दिसायला लागली तर तिथेच थांबा, लांब दांडा घ्या. व्यास दांड्याच्या खालच्या टोकाला कोरलेला असतो, तो लिहून दुकानात जा. २७.२ आणि २८.६ डोळ्यांना सारखेच दिसतात.