पेंटियम जी४५६० की रायझन ३ १२००? भाचीच्या कॉम्प्युटरवरून चर्चा

बारव:
भाची यंदा कॉम्प्युटर डिप्लोमाला गेली. नव्या मशीनचं बजेट नाही. आमच्या गावच्या असेंब्लीवाल्याकडे ऑफिसातून निघालेली दोन मशीनं आलीत. एकात इंटेलचा पेंटियम जी४५६० प्रोसेसर आणि एच११० बोर्ड. दुसऱ्यात एएमडीचा रायझन ३ १२०० प्रोसेसर, ए३२० बोर्ड आणि जीटी ७१० ग्राफिक्स कार्ड. दोन्हींत ८ जीबी डीडीआर४ रॅम आणि २४० जीबीची एसएसडी. रायझनचे तो दोन हजार जास्त मागतोय.

माझं मत रायझनच्या बाजूने आहे, आणि कारण एकच. जुनं मशीन घेताना आपण प्रोसेसर नाही, बोर्ड विकत घेतो. प्रोसेसर उद्या बदलता येतो. रायझनच्या बोर्डावर चिप बसायची जागा म्हणजे एएम४ सॉकेट; त्यावर २०१७ चा हा १२०० बसतो आणि त्याच बोर्डावर रायझन ५ ५६०० देखील बसू शकतो, कारण २०२२ मध्ये एएमडीने ३०० मालिकेच्या बोर्डांनाही (ए३२० त्यातलाच) ५००० मालिकेच्या चिपांसाठी बायोस, म्हणजे बोर्ड सुरू करणारं सॉफ्टवेअर, खुलं केलं. दोन वर्षांनी पोरीला सहा कोअर हवे झाले तर फक्त एक चिप बदलायची. पेंटियमच्या बोर्डाचा रस्ता आय७ ७७०० पाशी संपतो. तुमचं काय म्हणणं?

पाटाचं पाणी:
बारवराव, मी पूर्ण विरोधात आहे. गेली सात वर्षं घरी जी४५६० चालवतोय म्हणून बोलतो.

ही चिप आली तेव्हा काय झालं होतं ते आठवा. जानेवारी २०१७. त्याआधीच्या डेस्कटॉप पेंटियमना दोन कोअर म्हणजे दोनच थ्रेड, एका वेळी दोनच कामं, असायचे. हिला इंटेलने हायपरथ्रेडिंग दिलं, म्हणजे एका कोअरला दोन थ्रेड, किंमत ६४ डॉलर. तेव्हाचा आय३ ७१०० होता ११७ डॉलरला, त्यालाही दोन कोअर, चार थ्रेड आणि ३ एमबी कॅशच. फरक मुख्यतः घड्याळाचा, ३.५ विरुद्ध ३.९ गिगाहर्ट्झ. इतका सणसणीत बजेट प्रोसेसर मी तरी दुसरा पाहिला नाही.

आता भाचीचं काम बघा. ब्राउझर, व्हीएस कोड, थोडं जावा, यूट्यूबवरची लेक्चर्स. यात एका कोअरचा वेग जाणवतो आणि तिथे कॅबी लेक, म्हणजे या पेंटियमची पिढी, पहिल्या पिढीच्या रायझनपेक्षा पुढे आहे. १२०० चं टर्बो, म्हणजे गरजेला वाढणारा वेग, धरूनही ३.४ गिगाहर्ट्झच होतं.

आणि ग्राफिक्स! १२०० मध्ये ग्राफिक्स मुळीच नाही. कार्ड मेलं की स्क्रीन काळी. परीक्षेच्या आदल्या रात्री कार्ड गेलं तर पोरीने काय करायचं? पेंटियममध्ये एचडी ६१० ग्राफिक्स आतच आहे. यूट्यूब व्हीपी९ या दाबलेल्या स्वरूपात व्हिडिओ पाठवतं, ते एचडी ६१० स्वतः उलगडते, प्रोसेसर जवळपास मोकळा राहतो. जीटी ७१० जुन्या केप्लर घराण्यातली, तिला व्हीपी९ येत नाही. म्हणजे लेक्चर चालू असताना सगळा भार त्या चार कोअरवर. जास्तीचे दोन हजार देऊन हे घ्यायचं?

बारव:
जीटी ७१० चं मला माहीत नव्हतं, आभारी आहे. पण हा दोष कार्डाचा झाला, प्रोसेसरचा नाही. त्याऐवजी जीटी १०३० कार्ड घातलं की व्हीपी९ चा प्रश्न सुटतो.

कोअरचं मात्र मान्य नाही. हायपरथ्रेडिंग म्हणजे दोनच गडी, प्रत्येकाला दोन-दोन कामं सांगितलेली. एक थांबला की दुसऱ्या कामाला हात लावतो, एवढंच. १२०० मध्ये चार गडी खरेखुरे आहेत. व्हिडिओ कॉल चालू आहे, मागे कोड कंपाइल होतोय, अँटिव्हायरस जागा झालाय, अशा वेळी हा फरक दिसतो. आजकालच्या मुलांचं काम असंच असतं.

पाटाचं पाणी:
म्हणजे दोन हजारांवर आता १०३० चेही पैसे. बजेट नाही म्हणून सुरुवात केलीत ना तुम्ही? आणि अपग्रेडचं म्हणाल, तर माझ्या ओळखीत ज्यांनी ज्यांनी ‘पुढे चिप बदलू’ म्हणून बोर्ड घेतला, त्यातल्या एकानेही बदलली नाही. फीचे हप्ते असतात, घरात दुखणीखुपणी असतात. आज हातात काय मिळतं ते बघा.

सांजवात:
मी पॉलिटेक्निकमध्ये शिकवते. एक गोष्ट या वादात कोणीच काढली नाही आणि माझ्या दृष्टीने तीच निर्णायक आहे.

जी४५६० मध्ये एव्हीएक्स नाही, म्हणजे एकाच वेळी अनेक आकड्यांवर हिशोब करणाऱ्या सूचना. चिप कॅबी लेकचीच, पण पेंटियम आणि सेलेरॉनमध्ये इंटेलने ते सूचनासंच बंद ठेवले. त्याच पिढीच्या आय३ मध्ये आहेत. बजेट मशीन घेणाऱ्या पालकांना हे कोणी सांगत नाही.

मशीन लर्निंगसाठीच्या टेन्सरफ्लोची तयार पॅकेजेस आवृत्ती १.६ पासून, म्हणजे २०१८ पासून, एव्हीएक्स मागतात. मोंगोडीबी हा डेटाबेस ५.० पासून मागतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातला एक मुलगा मिनी प्रोजेक्टसाठी घरी टेन्सरफ्लो टाकत होता. इम्पोर्टची ओळ चालवली की पायथन बंद पडायचं. ‘इलिगल इन्स्ट्रक्शन’, बस्स. त्याने पायथन तीनदा काढून टाकलं, विंडोज नवीन टाकलं, रॅम बदलली. आठवडा गेला. शेवटी रडवेला होऊन म्हणाला, मॅडम, मलाच जमत नाहीये. त्याचं काही चुकलं नव्हतं. घरी पेंटियम होता.

वेगातला दहा-वीस टक्के फरक मुलं सहज सोसतात. पण जे वर्गात चालतं ते घरी चालतच नाही, याने त्यांचा धीर सुटतो. रायझन ३ १२०० मध्ये एव्हीएक्स आणि एव्हीएक्स२ दोन्ही आहेत. ज्यात ग्राफिक्स मुळीच नाही अशा प्रोसेसरची शिफारस मी एरवी करत नाही. इथे करते.

पाटाचं पाणी:
मॅडम, हे मला खरंच ठाऊक नव्हतं. माझं काम टॅली आणि ब्राउझरचं, सात वर्षांत असा प्रसंग आला नाही. पण टेन्सरफ्लो आता ब्राउझरमधून फुकटच्या क्लाउडवरही चालवता येतं ना? त्यासाठी घरचं मशीन बदलायलाच हवं असं नाही.

सांजवात:
येतं, नेट असेल तर. आमची निम्मी मुलं मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असतात आणि दीड जीबी संध्याकाळपर्यंत संपतो.

कातळ:
मी रिपेअरिंग करतो, दोन्ही मशीनं रोज हातात येतात. बारवदादा, तुमच्या अपग्रेडच्या भरवशावर जरा पाणी ओततो. एएमडीने परवानगी दिली म्हणजे प्रत्येक ए३२० बोर्डाला बायोस मिळालं असं नाही. ऑफिसातल्या ब्रँडेड डब्यांमधले बोर्ड तर हमखास अडकतात. बोर्डावरचं मॉडेल वाचा, कंपनीच्या पानावर सीपीयूची यादी काढा, ५६०० त्यात दिसला तरच तुमचा मुद्दा खरा.

तिकडे इंटेलवाल्यांनीही ऐका. एच११० वर आठव्या पिढीचा आय३ ८१०० बसवायला महिन्यातून एकदा तरी कोणी घेऊन येतं. सॉकेट तेच एलजीए ११५१ दिसतं, चिप बसतेही, मशीन चालू होत नाही. त्याला इंटेलच्या ३०० मालिकेचाच बोर्ड लागतो.

आणखी एक, रायझन घेताना. एएम४ च्या पिना चिपच्या पोटाला असतात. चिप आणि कूलरमधली पेस्ट वाळलेली असताना कूलर ओढला की चिप सॉकेटमधून उपटून येते आणि पिना वाकतात. आधी मशीन दहा मिनिटं चालवून गरम करायचं, बंद करायचं, मग कूलर हलके पिळत काढायचा.

विंडोज ११ च्या यादीत दोन्ही चिपा नाहीत आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. माझ्या हातून जाणाऱ्या अशा मशीनवर मी लिनक्स मिंट टाकून देतो, पोरं आठवड्यात रुळतात.

बारव:
काल दुकानात जाऊन आलो. कातळभाऊ, तुम्ही सांगितलं तसं बोर्डाचं मॉडेल उतरवून घेतलं. यादीत ५६०० आहे. दुकानदाराला म्हटलं, जीटी ७१० तुझ्याकडेच ठेव, त्याचे पैसे कमी कर आणि वापरलेलं १०३० दे. हजारभर वर गेले. ते मी आणि तिच्या बाबांनी निम्मे निम्मे घातले.

पाटाचं पाणी:
घेतलंत तर चांगलं वापरा. फक्त एक करा, त्यात रॅमची ८ जीबीची एकच पट्टी असेल तर तशीच आणखी एक घाला. रायझनच्या आतल्या जोडणीचा वेग रॅमच्या वेगाला बांधलेला असतो आणि एकाच पट्टीवर तो प्रोसेसर अर्धपोटी राहतो. ५६०० ची स्वप्नं नंतर बघा, आधी ही पट्टी.

बारव:
एकच पट्टी आहे. आज उघडून पाहिलं.